बोटं स्पष्ट दिसली पाहिजेत

"आणि ह्या माइकची गंमत म्हणजे," कॅमेऱ्यावर केसाळ टोपीचा छोटा माइक बसवत मी म्हणालो, "भर रस्त्यात उभ्या राहून बोललात तरी वाऱ्याचा घोंगाट येणार नाही. फक्त तुमचा आवाज. व्हिडिओत निम्मं काम आवाजाचंच असतं, मॅडम."

मॅडम एकटक माझ्या तोंडाकडे बघत होत्या. दहा मिनिटं मी बोलत होतो आणि त्यांची नजर माझ्या ओठांवरून हलत नव्हती. इतकं मन लावून ऐकणारं गिऱ्हाईक रोज मिळत नाही, म्हणून मीही रंगात आलो होतो. त्यांच्याबरोबर आलेले सत्तरीचे गृहस्थ इतका वेळ भिंतीवर मांडलेले जुने कॅमेरे बघत फिरत होते. ते काउंटरपाशी आले आणि हळूच म्हणाले, "आवाजाचं सोडून काय आसंल ते सांगा, साहेब. तिला ऐकू येत न्हाई."

माझा हात माइकवर तसाच राहिला.

"माफ करा, मला कल्पना नव्हती," मी त्यांना म्हणालो.

"मला काय सांगताय? तिला सांगा की. तोंड तिच्याकडं करून, सावकाश."

मी तिकडे तोंड करून पुन्हा "माफ करा" म्हणालो. त्या हसल्या आणि हातांनी भराभरा काहीतरी बोलल्या.

"ती म्हनतीया, माइक झ्याक हाय. मांजराच्या पिलागत दिसतोय. पर तिला कॅमेरा पायजे."

ही नऊ वर्षांपूर्वीची, सांगलीतल्या शिरगुप्पे फोटो या दुकानातली गोष्ट. मी, इर्शाद मुजावर, राहणार मिरज, तेव्हा तिथं विक्रीला होतो. लग्नाचे व्हिडिओ करत करत या धंद्यात आलो होतो, आणि कॅमेऱ्यातलं आपल्याइतकं जिल्ह्यात कुणाला कळत नाही असं माझं ठाम मत होतं. हे मिररलेस म्हणतात ते छोटे, हलके कॅमेरे तेव्हा नुकते जोरात खपायला लागले होते. सहलींचे व्हिडिओ करणारी पोरं, रेसिपीवाल्या बायका, जिमवाले, सगळे यायचे. गिऱ्हाईक दारातून आत आल्यावर पाच मिनिटांत मी मनात त्याचा कॅमेरा ठरवून टाकायचो. उरलेला वेळ त्याला तो पटवण्यात जायचा.

त्या शनिवारी मालक एका लग्नाला गेले होते. जाताना कपाटातल्या सगळ्यात महागड्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून "हा एकदाचा खपव" म्हणून सांगून गेले होते.

बाईंचं नाव रेवती मगदूम. वय बत्तीस-तेहतीस. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका. बरोबरचे बाबगोंडा मगदूम त्यांचे सासरे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सगळे त्यांना आप्पा म्हणत. रेवतीताई खुणांच्या भाषेत व्हिडिओ करायच्या. बँकेतली स्लिप कशी भरायची, दवाखान्यात डॉक्टरला दुखणं कसं सांगायचं, औषधाच्या बाटलीवरची तारीख कशी बघायची, असे. आसपासच्या गावांतल्या ऐकू न येणाऱ्या बाया ते फोनवर बघत.

"म्हणजे बोलून नाही, हातांनी," मी म्हणालो. "मग सोपंच आहे. आवाजाची भानगड नाही, कुठलाही कॅमेरा चालेल."

ते माझं त्या दिवसातलं दुसरं चुकीचं वाक्य.

पहिला कॅमेरा मी तिपाईवर लावला, पडदा पुढे वळवून त्यांना त्यांचा चेहरा दाखवला आणि म्हणालो, "हे बटण दाबायचं. बीप वाजला की रेकॉर्डिंग सुरू झालं समजायचं."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मी जीभ चावली.

रेवतीताई काउंटरला वळसा घालून आल्या. कॅमेऱ्याच्या तोंडावरून बोट फिरवून काहीतरी शोधू लागल्या.

"चालू झाल्याचा लाल दिवा फुडनं दिसाय पायजे, म्हनतीया," आप्पा म्हणाले. "मागं एकाचा कॅमेरा मागून आनला. पोरांना तासभर भूमिती शिकवली. नंतर बघती तर बटन दाबलंच न्हवतं."

त्या कॅमेऱ्याला पुढून दिवा नव्हता. तो मी परत डब्यात घातला आणि मालकांनी सांगितलेला महागडा कॅमेरा काढला. तो कुणालाही आवडायचाच. मागची भिंत लोण्यासारखी विरघळायची आणि माणूस तेवढा उठून दिसायचा. शिवाय एक खुबी होती. "हात पुढे करा," मी म्हणालो, "काहीही धरा हातात, फोकस क्षणात त्या वस्तूवर येतो. वस्तू दाखवणाऱ्यांसाठी खास सोय आहे."

त्या समोर उभ्या राहून अर्धा मिनिट बोलल्या. मग आम्ही तिघांनी ते पडद्यावर बघितलं. मला तर सुरेख वाटलं. त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं.

"चेहरा गेला," आप्पा म्हणाले.

"पण हात स्पष्ट आहेत की."

रेवतीताईंनी मला समोरच्या स्टुलावर बसवलं. हातांनी एक छोटी खूण केली. मग थांबून तीच खूण परत केली.

"काय फरक?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही. दोन्ही वेळा तेच केलं त्यांनी."

"पैल्या खेपंला ती म्हनली, 'औषध घेतलंस का?' दुसऱ्या खेपंला म्हनली, 'औषध घेतलंस.' हात तेच. सवाल हाय का उत्तर, ते भुवईत असतं. ह्यो तुमचा कॅमेरा हात बघाय गेला आन भुवई पुसून टाकली. मंग बाईनं काय समजायचं?"

रेवतीताईंनी ते पुन्हा करून दाखवलं. या वेळी मला दिसलं. भुवया किंचित वर, मान जराशी पुढे. इतक्या वर्षांत शेकडो नवरानवरींचे चेहरे मी टिपले होते, पण माणसाचा प्रश्न भुवईत बसलेला असतो हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

तिसऱ्या कॅमेऱ्याचं मी कौतुक केलं ते हातात धरून चालताना चित्र हलत नाही म्हणून. रेवतीताईंनी तो चालू करून बघितला आणि दोन्ही कोपरं बाहेर काढून दाखवली. चित्र स्थिर ठेवण्यासाठी तो कॅमेरा चारी बाजूंनी कडा कापत होता, आणि हात पसरले की बोटांची टोकं चौकटीबाहेर जात होती. मी ती सोय बंद करून दिली. तरी त्याची काच इतक्या जवळून पुरेसं रुंद दाखवत नव्हती आणि त्यांच्या घरातली खोली लहान होती. तोही गेला.

दोन वाजले. बाकीची गिऱ्हाइकं येत होती, जात होती. मी मेमरी कार्डं, सेल विकत होतो आणि परत इकडे येत होतो. मधल्या वेळात रेवतीताई कपाटातल्या खालच्या खणाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी काचेवर टकटक केलं.

खालच्या खणात एक राखाडी रंगाचा, तळहाताएवढा कॅमेरा पडून होता. दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल. लोकांना दाखवून दाखवून त्याचे कोपरे घासले होते.

"तो नको, ताई. त्याचा सेन्सर लहान आहे. मागचं धूसर होत नाही, पुढचं-मागचं सगळं सारखंच दिसतं."

त्या वाक्याचा अर्थ माझ्याआधी त्यांना कळला. त्यांनी दोन्ही हातांनी मला तो बाहेर काढायची खूण केली. ती खूण समजायला आप्पा लागले नाहीत.

पुढे लाल दिवा होता. पडदा बाजूला उघडून पुढे वळत होता. आणि त्या बोलल्या तेव्हा हात पुढे आला तरी चेहरा जागेवर होता, भुवई दिसत होती. मला जे त्या कॅमेऱ्याचं व्यंग वाटत होतं तेच त्यांना हवं होतं. पण त्यांनी व्हिडिओ मधेच थांबवला आणि पडद्यावर बोट ठेवलं. हात हलतानाच्या त्या चित्रात बोटं फराट्यासारखी झाली होती, ओल्या रंगावरून फडकं फिरवावं तशी.

"हे असंच असतं," मी म्हणालो. "हलणारी गोष्ट थोडी पुसट यायलाच हवी. शटर, म्हणजे एकेक चित्र टिपायचा वेग, त्याच हिशेबानं ठेवतात, त्यानं व्हिडिओ डोळ्याला मऊ दिसतो. शटर वाढवलं तर हालचाल तुटक दिसते. जाणकार माणूस हसेल बघून."

त्यांनी माझे ओठ वाचले आणि आप्पांकडे बघून काही म्हणाल्या.

"जानकार लोक बगनार न्हाईत, म्हनतीया. बाया बगनार हायत."

आता मला कंटाळा आला होता. सकाळपासून कुणी माझा एकही शब्द जसाच्या तसा मान्य केला नव्हता. मी जरा तोडूनच बोललो. "ताई, खरं सांगू? शेवटी बघणार फोनवर, एवढ्याशा पडद्यावर. त्यांना एवढा फरक कळत नाही. बोट थोडं पुसट दिसलं तर काय बिघडतं?"

आप्पांनी ते हातांनी सांगितलं नाही. ते खाली बघत राहिले. पण रेवतीताईंनी ते माझ्या ओठांवर वाचलंच होतं. त्यांनी आप्पांच्या खांद्याला स्पर्श करून त्यांना आपल्याकडे वळवलं आणि सावकाश बोलायला लागल्या. या वेळी हात घाई करत नव्हते.

"राजश्री म्हनून एक पोरगी हाय. तेवीस वर्सांची. शाळंत कधी गेली न्हाई. लग्न होऊन इकडं आली तवर तिला कुठलीच भाषा न्हवती, खुणांचीबी न्हाई. मी तिला शिकवली. तीन वर्सं... म्हंजे रेवतीनं शिकवली. मी रेवतीचं बोलतोय, समजून घ्या." त्यांनी परत तिच्या हातांकडे बघितलं. "तिला दीड वर्साची लेक हाय, तनू. लेकराला जुलाब लागले. मी साखर-मिठाच्या पान्याचा व्हिडिओ केल्ता. एक लिटर पानी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. फोनवर केल्ता. हातात चमचा धरला हुता. फोन चमच्याकडं बघाय लागला आन माझी बोटं पुसली. राजश्रीनं अर्ध्याच्या जागी दोन वाचलं. दोन चमचे मीठ घातलं."

रेवतीताईंचे हात पुढे चालू राहिले.

"लेकरू तीन दिवस सलाइनवर हुतं. वाचलं. आता चांगलं हाय. पर राजश्रीच्या सासूनं तनूला तिच्याजवळनं काढून घेतलं. म्हनली, ह्या मुकीच्या हातात लेकरू द्यायचं न्हाई. दूध पाजायचं न्हाई, आंघोळ घालायची न्हाई. पाच आठवडे झाले. राजश्री फोनबी उघडत न्हाई. ती म्हनती मी वाचाय चुकले." आप्पा थांबले. रेवतीताई थांबल्या नव्हत्या. त्यांनी शेवटचं वाक्य दोनदा केलं. "ती चुकली न्हाई. मी पुसट बोलले."

काउंटरवर तो राखाडी कॅमेरा चालूच होता. त्याच्या पडद्यावर ती पुसट बोटं तशीच थांबलेली होती. मी तो व्हिडिओ बंद केला. मग मेनूत जाऊन शटर बदललं. पन्नासावरून शंभर, शंभरावरून अडीचशे. चित्र एकदम काळोखं झालं.

"उजेड लागेल," मी रेवतीताईंकडे तोंड करून म्हणालो. "भरपूर. थांबा."

दुकानाच्या मागच्या खोलीत आमचे एलईडीचे दोन पॅनेल होते. ते आणून मी दोन बाजूंना उभे केले. चमक चेहऱ्यावर येऊ नये म्हणून पुढे पांढरं कापड लावलं. मागची रंगीत जाहिरात उतरवून तिथं काळं कापड टांगलं. रेवतीताई आपल्या हाताच्या काचेच्या बांगड्या काढून ठेवत होत्या.

त्यांनी बोलून दाखवलं. व्हिडिओ थांबवला. बोटं बोटांसारखी होती. नखं दिसत होती.

मी खूश होऊन आप्पांना म्हणालो, "आता वाचा बघू, आप्पा, काय म्हणतात ताई."

"मी न्हाई," आप्पा म्हणाले. "माझं वाचन खरं न्हवं. ती काय बोलनार ते मला अंदाजानं कळतं. दिसलं न्हाई तरी मी मनानं भरतो. रेवती म्हनतीया, तुमी वाचायचं."

"मी? मला तर यातलं ओ का ठो कळत नाही."

"म्हनूनच."

मग शिरगुप्पे फोटोच्या काउंटरवर माझी शाळा भरली. साखर, मीठ, पाणी, चमचा. एक ते सहा आकडे. सहा म्हणजे एका हाताची पाच आणि दुसऱ्याचं एक. अर्धा म्हणजे एक बोट उभं आणि दुसरं बोट त्याला मधोमध छेद देणारं. मी चुकलो की त्या माझी बोटं धरून सरळ करत. पंधरा मिनिटांत एवढं मला आलं. मग त्यांनी मला पाठ करून उभं केलं, कॅमेऱ्यासमोर दहा वेगवेगळी वाक्यं केली आणि पडद्यावर ती मला दाखवली. मी कागदावर लिहीत गेलो. साखर तीन. मीठ अर्धा. पाणी दोन. साखर सहा.

आधी त्यांनी मुद्दाम जुन्या शटरवर केलेली दहा दिली. त्यात माझी तीन चुकली, आणि तिन्ही ठिकाणी अर्ध्याचे दोन झाले होते. मग महागड्या कॅमेऱ्यावरची दहा. दोन चुकली. मग नव्या उजेडातली, राखाडी कॅमेऱ्यावरची.

दहाच्या दहा बरोबर.

मला वाटलं झालं. त्यांनी मान हलवली आणि परत दहा केली, या वेळी भरभर. दहा. मग एका बाजूचा दिवा बंद करून, कारण खेड्यात वीज भरवशाची नसते. आठ. मग खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. दहा. मग चमचा हातात धरून. चमचा हातात धरल्यावर त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. कॅमेऱ्याच्या काचेकडे बघत होत्या, जणू पलीकडे कुणी बसलं आहे आणि त्या माणसाला समजल्याशिवाय उठायचंच नाही.

दहा.

त्यांनी माझा कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत तपासला, आणि मग खुर्चीत बसल्या. सकाळी अकरापासून त्या पहिल्यांदाच टेकल्या होत्या.

आप्पांनी डबा सोडला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मलाही अर्धी भाकरी पुढे केली. जेवता जेवता मी विचारलं, "आप्पा, तुम्ही ही भाषा कधी शिकलात?"

"माझा मुलगाबी तसाच. जल्मापासनं. पुण्याला कारखान्यात हाय." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "त्याच्या शाळंत सांगायचे, हात वापरू देऊ नका, वापरला तर बोलाय शिकनार न्हाई. मी त्याच्या हातावर फटके मारलेत. तीस वर्सांचा झाला तवर मी त्याच्याशी धड एक गोष्ट बोललो न्हवतो. जेवलास का, चल, थांब, एवढंच. मंग ही घरात आली. आल्या आल्या पंधरा दिवसांत मला म्हनली, बसा. अठ्ठावन्नाव्या वर्सी शिकलो." त्यांनी अंगठा आणि बोट जुळवून तिकिटाला भोक पाडल्यासारखं केलं. "ह्ये माझं नाव. हिनंच ठेवलं."

रेवतीताई आमच्याकडे बघत होत्या. आप्पांनी नाव सांगितलेलं त्यांना दिसलं आणि त्याही बोटांनी तिकीट पंच करून हसल्या.

निघताना कॅमेरा, दोन्ही पॅनेल आणि तिपाई मी त्यांच्या पिशवीत घातली. शटर अडीचशेच्या खाली येऊ द्यायचं नाही, फोकस कुठे ठेवायचा, सगळं एका कागदावर लिहून दिलं. मग एक गोष्ट राहून राहून मनात येत होती ती विचारली. "पण ताई, व्हिडिओ बघणाऱ्या बायांना तर खुणा येतात. मग न येणाऱ्यानं वाचून काय उपयोग?"

"उद्या ज्यो मानूस ह्यो व्हिडिओ बगनार हाय, त्याला येत न्हाईत," आप्पा म्हणाले. "राजश्रीची सासू."

"उद्या मी येऊ?"

आप्पांनी विचारलं. रेवतीताईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

मी का जातो आहे हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. आता मिरजेत माझं स्वतःचं दुकान आहे आणि खुणांनी बोलणारी गिऱ्हाइकं बेळगावपासून येतात, दुभाष्या न आणता. पण त्या रविवारी मला मोजून अकरा शब्द येत होते.

डिग्रजच्या अलीकडे एका वस्तीवर ते घर होतं. पुढं अंगण, कडेला म्हशीचा गोठा. राजश्रीची सासू, अक्काताई, तनूला कडेवर घेऊन उभ्या होत्या. उंच, काटक बाई. राजश्री स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. रेवतीताईंना बघून ती पुढे आली नाही.

"काय काम काढलंसा?" अक्काताई म्हणाल्या.

रेवतीताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. आप्पा बाजूला.

"मी माझी चूक सांगाय आलीया," आप्पा म्हणाले. "लेकराच्या पान्यात मीठ जास्त पडलं ते माझ्यामुळं. राजश्रीमुळं न्हवं."

"मीठ तिनं कालवलं. तुमी कुठं हुता हितं?"

"एकदा बगा. मंग काय म्हनायचं ते म्हना."

सतरंजी पडली. रेवतीताई खाली बसल्या आणि अक्काताईंना आधी बोटं दाखवली. हे एक. हे दोन. हे अर्धा. हे मीठ. अक्काताईंनी दोनदा बघून मान हलवली, त्यात काय एवढं अशी. मग रेवतीताईंनी फोनवर तो जुना व्हिडिओ लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

मीही मागून वाकून बघत होतो. स्वयंपाकघराचा ओटा, हातात स्टीलचा चमचा. चमचा झगझगीत दिसत होता आणि त्याच्यामागे बोटांचा धूर झाला होता.

"मीठ किती म्हनलं?" आप्पांनी विचारलं.

"दोन," अक्काताई म्हणाल्या.

रेवतीताईंनी नकारार्थी मान हलवली.

"दोनच दावल्यात की." त्यांनी व्हिडिओ परत लावायला सांगितला. डोळे बारीक करून बघितला. तिसऱ्यांदा बघितला. "दोनच हायत."

"अर्धा हाय त्यो," आप्पा म्हणाले.

रेवतीताईंनी पिशवीतून राखाडी कॅमेरा काढला, पडदा उघडला आणि रात्री घरी केलेला नवा व्हिडिओ लावला. तोच चमचा, तेच पाणी. पण बोटं अशी की मोजून घ्यावीत. अक्काताईंनी तनूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पडद्यावर वाकल्या. त्यांचे ओठ हलत होते.

"साखर सहा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, "मीठ... अर्धा. अर्धाच हाय ह्यो."

त्यांनी मान वर केली आणि दाराकडे बघितलं. राजश्री तिथंच होती. तिला एक शब्द ऐकू आला नव्हता, पण सासूचा चेहरा ती वाचत होती. पाच आठवडे तिनं तेच केलं असणार.

"मला इचारायचं हुतंस तवा," अक्काताई तिला म्हणाल्या, मोठ्यानं, जसं लोक ऐकू न येणाऱ्याशी बोलतात तसं. मग त्यांचा आवाज खाली आला. "कसं इचारनार हुतीस म्हना. मला कुठं काय येतंय."

त्या रेवतीताईंकडे वळल्या. "माझं चुकलं, ह्ये हातानं कसं म्हनायचं?"

आप्पा ते सांगायच्या आत रेवतीताईंना कळलं होतं. त्यांनी एकदा करून दाखवलं. अक्काताईंनी उजव्या हातानं करून बघितलं, पण त्या खुणेला दोन्ही हात लागतात आणि डाव्या कडेवर तनू होती. त्या क्षणभर तशाच घोटाळल्या. मग उठून दारापर्यंत गेल्या, तनूला राजश्रीच्या कडेवर दिलं, आणि मोकळ्या झालेल्या हातांनी सुनेपुढे ती खूण केली.

जरा चुकीचीच झाली. राजश्रीनं एका हातानं लेकीला छातीशी धरलं, आणि दुसऱ्या हातानं सासूची दोन बोटं धरून सरळ करून दिली.